काळ्यापासून पारदर्शकापर्यंत: लॉर्डचा प्रत्येक अल्बम वेगळ्या माणसाचा का वाटतो

लॉर्डला सूर ऐकताना खरोखरच रंग दिसतात. काही माणसांच्या मेंदूत दोन संवेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात. कुणाला अंक रंगीत दिसतात, कुणाला आठवड्याचे वार, कुणाला आवाज. याला सिनेस्थीशिया म्हणतात आणि न्यूझीलंडची ही गायिका अशांपैकीच एक. 'टेनिस कोर्ट' हे तिचं सुरुवातीचं गाणं घडत होतं तेव्हा ते तिला कसल्याशा ओंगळ मातकट रंगात दिसायचं, इतकं की मळमळायला व्हायचं, असं तिने चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना लिहिलं होतं. मग मुखड्याआधीचा भाग नव्याने सुचला, शब्द बदलले आणि तेच गाणं हिरव्यागार छटांनी भरून गेलं.

हे आधी सांगायला हवं, कारण पॉप गायिकेचं रूप बदललं की आपण लगेच म्हणतो, सगळं मार्केटिंग. नवा अल्बम आला, केस कापले, कपडे बदलले, पोस्टरचा रंग बदलला. मार्केटिंग त्यात असतंच. पण तो रंग वरून फासलेला आहे की गाण्याच्या आतून आलेला आहे, हे नीट ऐकलं तर कळू शकतं. त्यासाठी लॉर्डइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिचे मुख्य अल्बम मोजून चार, तेही २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५ असे चार-चार वर्षांच्या अंतराने आलेले. मधल्या काळात ती बहुतेक दिसतच नाही. त्यामुळे एकाच माणसाचं सोळावं, विसावं, चोविसावं आणि अठ्ठाविसावं वर्ष आपल्याला अगदी वेगवेगळं ऐकायला मिळतं.

आणि चारही ओळीने ऐकले की एक गोष्ट जाणवते. चित्र, आवाज आणि शब्द हे तिघं जेव्हा एकमेकांशी थोडे भांडत असतात तेव्हा लॉर्डचं गाणं जिवंत होतं. तिघांनी एका सुरात एकच सांगायला सुरुवात केली की ऐकणारा बाहेरच राहतो. पुढे जे लिहिलंय ते याच नजरेने.

आपल्याकडे ही अल्बमागणिक बदलण्याची रीत जरा परकी वाटते, त्याला कारण आहे. आपली लोकप्रिय गाणी बहुतेक सिनेमातून आली आणि सिनेमात गाण्याचा रंग ठरतो संगीतकारामुळे आणि पडद्यावरच्या पात्रामुळे. १९८१ च्या 'उमराव जान'मध्ये खय्याम यांनी आशा भोसले यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. ज्या आवाजात आपण खट्याळपणा ऐकत आलो होतो त्यात एकदम ठहराव आला, एक प्रकारचा थकवा आला. पण ती अवस्था उमरावची होती. त्या वर्षी आशाताईंच्या आयुष्यात काय चाललं होतं, असं ती गाणी ऐकताना कुणी विचारत नाही. पाश्चात्त्य पॉपमध्ये पात्र आणि गायिका बहुधा एकच असतात. कथा लिहून द्यायला दिग्दर्शक नसतो. तिला स्वतःलाच पात्र बनवावं लागतं आणि दर अल्बमला ते नव्याने लिहावं लागतं.

ही पद्धत पन्नासेक वर्षं तरी जुनी आहे. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने १९७२ मध्ये झिगी स्टारडस्ट नावाचं लालभडक केसांचं, परग्रहाशी नातं सांगणारं पात्र उभं केलं आणि ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावर, ते ऐन भरात असताना, स्वतःच्या हाताने संपवलं. पुढे मॅडोनाने हीच गोष्ट अनेक दशकं करून दाखवली. टेलर स्विफ्टच्या २०२३-२४ च्या दौऱ्यानंतर तर 'इरा', म्हणजे गायिकेचा एकेका अल्बमचा कालखंड, हा शब्द कॉलेजच्या मुलामुलींच्या तोंडी रुळला. यामागचं व्यवहाराचं गणित सरळ आहे. आधी दोन-तीन सुटी गाणी येतात, मग अल्बम, मग व्हिडिओ, मुलाखती, मासिकांची मुखपृष्ठं, जगभरचा दौरा, आणि मग शांतता. हे सगळं वर्ष-दीड वर्ष चालतं. तेवढा काळ लोकांना लांबून ओळखू येईल असं एक चित्र कंपनीला हवं असतं. बोवी गेल्यावर, २०१६ च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात त्याच्याच वादकांबरोबर त्याचं गाणं म्हणायला लॉर्डला बोलावलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या नावावर एकच अल्बम होता.

तो पहिला अल्बम म्हणजे 'प्युअर हिरोइन'. सप्टेंबर २०१३.

लॉर्डचं खरं नाव एला येलिच-ओ'कॉनर. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट या समुद्राकाठच्या उपनगरात ती वाढली. आई सोन्या येलिच कवयित्री, घरात पुस्तकं. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमाचा एक व्हिडिओ युनिव्हर्सल या कंपनीपर्यंत पोहोचला आणि तेराव्या वर्षी तिच्याशी करार झाला. कंपनीने घाई केली नाही, हे तिचं भाग्य. वेगवेगळ्या गीतकारांबरोबर बसवून पाहिलं, जमलं नाही, शेवटी जोएल लिटल या प्रोड्युसरशी जुळलं. प्रोड्युसर म्हणजे इथे पैसे घालणारा माणूस नव्हे. आपल्याकडे संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक मिळून जे करतात ते पॉपमध्ये बहुतेक वेळा हा एकटा करतो. अल्बमचा स्वभाव बदलला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: स्टुडिओत शेजारी कोण बसलं होतं?

इथे बसलेली माणसं दोनच होती, जागा होती ऑकलंडमधला एक लहान स्टुडिओ, आणि ते गाण्यात ऐकू येतं. 'रॉयल्स' घ्या. मिनिटाला ८५ ठोक्यांची संथ चाल, खालून एक जड ढोलासारखा ठोका, वर बोटांच्या टिचक्या. गिटार नाही. पियानो नाही. मोकळी जागा मात्र भरपूर. त्या काळात रेडिओवर नाचायच्या पॉपची चलती होती, प्रत्येक कोपरा सिंथेसायझरने भरलेला. त्या गोंगाटात हे रिकामं गाणं आलं आणि लोक थांबले. रिकाम्या जागेचा परिणाम असा होतो की ऐकणाऱ्याला जवळ यावं लागतं. कुणी हळू बोलायला लागलं की आपण नकळत पुढे झुकतो तसं.

आणखी एक बारकावा, जो आपल्या कानांना लगेच कळेल. 'रॉयल्स'ची चौकट ज्या स्वरांवर उभी आहे त्यांना तिकडे मिक्सोलिडियन म्हणतात. आपल्या भाषेत तो खमाज थाट. बाकी सगळे स्वर शुद्ध, निषाद तेवढा कोमल. शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ घेतो, घरी परतायची घाई करतो. तो कोमल केला की घाई निघून जाते. गाणं फिरत राहतं, मुक्कामाची फिकीर न करता. टीव्हीवरच्या श्रीमंतीशी आमचा काही संबंध नाही, असं सांगणाऱ्या गाण्याला ही बेफिकिरी नेमकी शोभते. गाण्यातल्या श्रीमंतीच्या खुणा बऱ्याचशा अमेरिकन हिप-हॉपमधल्या होत्या, म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि ती अगदी गैरलागू नव्हती. लांब बसून दुसऱ्याच्या समाजाविषयी बोलताना सोळाव्या वर्षी इतका विचार नसतो. गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आता चित्र पाहा. अल्बमचं मुखपृष्ठ काळं, त्यावर फक्त अक्षरं. 'रॉयल्स'च्या व्हिडिओत ती फारशी दिसतच नाही. दिसतात ती उपनगरातली कंटाळलेली मुलं. 'टेनिस कोर्ट'च्या व्हिडिओत दिसते, पण कॅमेऱ्याकडे रोखून पाहत राहते आणि गाण्यातला एकच हुंकार ओठांनी म्हणते, बाकी शब्द तसेच जाऊ देते. गडद ओठ, काळे कपडे, मोकळे कुरळे केस. २०१४ च्या ग्रॅमी सोहळ्यात तर बोटांची टोकंही काळ्या रंगात बुडवल्यासारखी. किशोरवयीन गायिकेने गोड दिसावं, हसावं, ही जी सक्ती असते ती तिने उचलून बाजूला ठेवली. चित्र सांगत होतं, लांब राहा.

पण आवाज काय सांगत होता? तिने स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून थरांवर थर चढवले. एकटी मुलगी, पण मागे तिच्याच आवाजांचा घोळका. शब्दांतही 'मी'पेक्षा 'आम्ही' महत्त्वाचं: आमचं गाव, आमची टोळी. 'रिब्ज'मध्ये म्हातारं होण्याची भीती आहे. आईवडील बाहेर गेलेले असताना घरी मित्रमैत्रिणी जमतात, आणि मजा चालू असतानाच हे संपणार आहे हे एका मुलीला कळतं. त्या गाण्याच्या सुरुवातीला तिच्या आवाजांचा जो धुक्यासारखा थर आहे तो ऐकला की ती अजिबात लांब वाटत नाही. चेहरा दार लावून घेतो आणि आवाज ते उघडतो. अल्बम सुरू होतो तो लोकांच्या बोलण्याचा कंटाळा आल्याच्या तक्रारीने आणि संपतो तो 'बोलू देत' या भावावर. सोळा वर्षांच्या मुलीने रचलेली ही चौकट मला आजही थक्क करते.

मग चार वर्षं गेली. पहिलं प्रेम तुटलं. ऑकलंड सोडून ती न्यूयॉर्कला येत-जात राहिली आणि प्रोड्युसर बदलला. आता शेजारी होता जॅक अँटोनॉफ, ज्याचा ब्रुकलिनमध्ये राहत्या घरातच स्टुडिओ होता. त्याचं पहिलं प्रेम पियानो आणि मोठ्याने, मनमोकळं रडणारं पॉप. जून २०१७ मध्ये 'मेलोड्रामा' आला आणि काळा रंग गेला. मुखपृष्ठ म्हणजे सॅम मॅकिनिस या चित्रकाराने रंगवलेलं व्यक्तिचित्र. ती पलंगावर पडलेली, खोलीभर निळा-जांभळा उजेड, गालावर कुठूनतरी आलेली ऊब. रात्रीच्या पार्टीनंतरचा, पहाट व्हायच्या आधीचा तो रंग.

अल्बमची रचनाही एका घरगुती पार्टीच्या रात्रीसारखी आहे. नशा चढणं, कुणाच्या तरी प्रेमात पडल्याचा भास, सगळे गेल्यावरची खोली, न्हाणीघराच्या आरशात स्वतःला पाहणं. या अल्बमविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण भावावस्था संगीतातून कशी घडते हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

'ग्रीन लाइट' पहिलं. सुरुवात खालच्या स्वरात, पियानोच्या काही जड सुरांवर, रागाने. माजी प्रियकर खोटं बोलतोय, एवढंच. मग अचानक पियानो उजळतो, क्लबमध्ये वाजतो तसा ठसक्यात वाजायला लागतो, जणू दुसरंच गाणं सुरू झालं. नियमाप्रमाणे इथे ढोल यायला हवेत. ते येत नाहीत. पूर्ण जोर धरायला गाणं बराच वेळ लावतं. ब्रिटनी स्पिअर्सपासून टेलर स्विफ्टपर्यंत अनेकांची गाणी घडवणारा स्वीडनचा मॅक्स मार्टिन पॉप गाणं जवळजवळ गणितासारखं बांधतो. त्याने हे ऐकून ही 'चुकीची गीतरचना' आहे असं म्हटलं. लॉर्डनेच हे मुलाखतीत सांगितलं, आणि तो अपमान नव्हता, वस्तुस्थिती होती, असंही. माझ्या मते हीच चूक गाण्याचा प्राण आहे. ब्रेकअपनंतर माणूस असाच असतो. राग येतो, मग कारण नसताना हलकं वाटतं, मग नाचावंसं वाटतं आणि पाय उचलत नाहीत. नियमाने बांधलेल्या गाण्यात हे बसलं नसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला 'लायबिलिटी'. फक्त पियानो आणि गळा. मी सगळ्यांना जड होते, लोक मला कंटाळतात, म्हणून मी घरी जाऊन स्वतःलाच मिठी मारते, अशा अर्थाचं गाणं. टॅक्सीत रिहानाचं एक गाणं ऐकताना रडू कोसळलं आणि त्यातून हे सुचलं, असं तिने सांगितलंय. इथे आवाजाची जवळीक लक्षात घ्यायला हवी. ध्वनिमुद्रणात आवाज किती घुमतो याला रिव्हर्ब म्हणतात. घुमणं वाढलं की गायक लांब, मोठ्या दालनात उभा असल्यासारखा वाटतो, कमी केलं की कानाशी येतो. 'लायबिलिटी'त ती कानाशी आहे, श्वाससुद्धा ऐकू येतो. पहिल्या अल्बममधला आवाजांचा घोळका इथे जवळजवळ निघून गेलाय. 'आम्ही' संपलंय, 'मी' उरलंय. हा बदल कपड्यांच्या बदलापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्याविषयी फारच कमी बोललं जातं.

आणि तरीही हा नाचाचा अल्बम आहे. दुःखाचे शब्द, नाचाचा ठेका, निळ्या उजेडातलं स्थिर चित्र. तिघं तीन दिशांना ओढतात, म्हणून मध्ये ताण तयार होतो. 'हार्ड फीलिंग्ज'मध्ये निरोपाच्या हळुवार ओळींनंतर यंत्रांचा कर्कश, पत्रा घासल्यासारखा आवाज येतो. जे शब्दांत मावत नाही ते तिथे येतं. दौऱ्यातही हाच विचार दिसला. एस डेव्हलिन या नेपथ्यकर्तीने काचेची एक मोठी पेटी केली होती, तिच्यात नर्तक पार्टी करत असायचे आणि ती पेटी हळूहळू कलायची.

२०१८ च्या ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठी नामांकन मिळालेली ती एकटीच स्त्री होती. पुरस्कार ब्रुनो मार्सला गेला.

यानंतर ती समुद्राकडे परतली. २०१९ मध्ये अंटार्क्टिकाला जाऊन आली, बागकाम केलं, समाजमाध्यमांपासून लांब राहिली. त्याच वर्षी तिचा लाडका कुत्रा गेला आणि अल्बम लांबला. ऑगस्ट २०२१ मध्ये 'सोलार पॉवर' आला. मुखपृष्ठ: निळं आकाश, किनाऱ्यावर कॅमेऱ्यावरून उडी घेणारी ती, खालून टिपलेली. व्हिडिओत पिवळा पोशाख, वाळू, लख्ख ऊन. पर्यावरणाचा विचार करून सीडीच काढली नाही. तिच्याऐवजी हस्तलिखित मजकूर आणि छायाचित्रं असलेला एक कागदी संच विकला. त्याच सुमारास यातल्या पाच गाण्यांचं माओरी भाषेतलं रूपही तिने काढलं, माओरी भाषातज्ज्ञांच्या मदतीने. न्यूझीलंडच्या सूर्याविषयी गायचं आणि त्या मातीची भाषा वगळायची, हे तिला पटणारं नव्हतं.

प्रोड्युसर तोच, अँटोनॉफ, पण वाद्यं पार बदलली. ॲकॉस्टिक गिटार, हलके ढोल, रातकिड्यांसारख्या सिकाडा कीटकांची किरकिर. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियाच्या लॉरेल कॅन्यनमध्ये जे मोकळं, गिटारवरचं संगीत घडलं त्याची आठवण करून देणारं. मागे क्लेरो आणि फीबी ब्रिजर्स यांच्यासारख्या गायिकांचे मऊ आवाज. शीर्षकगीतात ढोल आणि खरा मुखडा येतात ते अगदी शेवटाकडे. तोवर कुजबुजच.

लोक गोंधळले. 'मेलोड्रामा'च्या चाहत्यांना पुन्हा एकदा रडत नाचायचं होतं, आणि इथे ती म्हणत होती की मला तारणहार समजू नका, फोन पाण्यात टाका, उन्हात बसा. समीक्षा संमिश्र आली. 'मेलोड्रामा' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता, हा पाचव्यावर थांबला. त्या प्रतिसादाने आपण चक्रावलो, कधी कधी ते दुखावणारं होतं, असं तिने पुढे कबूल केलं.

या अल्बमवर अन्याय झाला, असं मला वाटतं, पण तो का झाला हेही समजून घ्यायला हवं. शब्द वाचले तर इथे निखळ आनंद फारसा नाहीच. 'फॉलन फ्रूट' हे आधीच्या पिढ्यांनी नासवून ठेवलेल्या पृथ्वीविषयी आहे. 'मूड रिंग' ही स्फटिक, धूप, योग यांच्या बाजारावरची टीका आहे, त्यासाठी तिने व्हिडिओत सोनेरी केसांचा टोप घातला. 'स्टोन्ड ॲट द नेल सलून'मध्ये तर सरळ शंका आहे की हे शांत आयुष्य निवडून मी चूक तर केली नाही ना. पण चित्रात ऊन, आवाजातही ऊन. दोघांनी मिळून इतकं पिवळं केलं की शब्दांतली सावली कुणाला दिसलीच नाही. टीका करणारं गाणं ज्याच्यावर टीका करतंय त्याच्याचसारखं ऐकू यायला लागलं. 'ग्रीन लाइट'मध्ये ढोल उशिरा आले तेव्हा अपेक्षेचा ताण होता, कारण आत राग होता. इथे ढोल उशिरा येतात तेव्हा फक्त वाट पाहणं उरतं. कुठला मार्ग निवडला यात चूक नव्हती. मार्गात खडे नव्हते, हा प्रश्न होता.

मात्र हा अल्बम नसता तर पुढचा झाला नसता, एवढं नक्की.

जून २०२४ मध्ये चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेच्या एका गाण्याच्या नव्या आवृत्तीत लॉर्ड अचानक ऐकू आली. मूळ गाणं दोन गायिकांमधल्या अवघडलेल्या मैत्रीविषयी होतं, आणि ती दुसरी गायिका म्हणजे लॉर्डच, असा लोकांचा अंदाज होता. नव्या आवृत्तीत तिने स्वतःच उत्तर दिलं: शरीराशी चाललेलं वैर, खाण्याची भीती, त्यामुळे भेटी टाळणं. ना रूपक, ना कवितेची ओढणी. त्या एका कडव्यात तिचा पुढचा सगळा स्वभाव आला होता.

'व्हर्जिन' २७ जून २०२५ ला आला. मुखपृष्ठ म्हणजे ओटीपोटाचा निळसर एक्स-रे. हाडं, पट्ट्याचं बक्कल, पँटची चेन आणि गर्भनिरोधक तांबी. पॉप अल्बमच्या मुखपृष्ठावर असं काही मी तरी पाहिलं नव्हतं. या अल्बमचा रंग पारदर्शक आहे, असं तिने स्वतःच जाहीर केलं, आंघोळीचं पाणी, खिडक्या, बर्फ, थुंकी यांच्यासारखा. सीडीही पारदर्शक प्लास्टिकची.

अँटोनॉफ यात नाही. मुख्य साथीदार जिम-ई स्टॅक. त्याच्या आवाजाची जात वेगळी. सिंथेसायझर आहेत, पण खरखरीत. ठेके आहेत, पण तुटक, मध्येच कोसळणारे. पहिल्या अल्बममधली रिकामी जागा परत आलीय, मात्र तेव्हा ती नीटनेटकी होती, आता तिच्या कडा धारदार आहेत. आवाजाचे थर फारसे नाहीत, गळा चिरकतो तिथे चिरकू दिलाय. 'मॅन ऑफ द इयर' जवळजवळ कुजबुजत सुरू होतं आणि शेवटी फुटतं. त्या गाण्यात ती आपल्या स्त्रीपणाच्या ठरावीक चौकटीबाहेरच्या भागाविषयी बोलते आणि व्हिडिओत छातीवर चंदेरी चिकटपट्टी लावून नाचते. 'ब्रोकन ग्लास' शरीराच्या वजनाशी जडलेल्या आजाराविषयी, 'फेवरिट डॉटर' आईविषयी. स्टेजवर उभं राहण्याच्या भीतीसाठी आपण उपचार घेतले, हेही तिने या काळात मोकळेपणाने सांगितलं.

इथे चित्र थंड आहे, दवाखान्यातलं. त्यात चेहरा नाही, वय नाही, सौंदर्यही नाही. आणि आवाज तापलेला. हाच तो जुना ताण, फक्त उलटा झालेला. २०१३ मध्ये काळ्या रंगाने चेहरा लपवला होता आणि आवाजाने आत घेतलं होतं. आता चित्र कातडीच्याही आत जातं, सगळं दाखवून टाकतं, आणि तरी त्यातून माणूस ओळखता येत नाही. तो ओळखायला आवाजच ऐकावा लागतो. दौऱ्याचं नावही तिने 'अल्ट्रासाउंड' ठेवलं.

अल्बम आला त्याच दिवशी इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात, आधी नाव जाहीर न करता, ती लहानशा मंचावर आली आणि अख्खा 'व्हर्जिन' गायली. समोरच्या बहुतेकांनी तो जेमतेम एक-दोनदा ऐकला असेल.

लॉर्ड कधीच ऐकली नसेल तर चारही अल्बम ओळीने लावू नका, डोकं भरून जाईल. हेडफोन लावा आणि आधी 'मेलोड्रामा'मधलं 'लायबिलिटी' ऐका, मग लगेच 'व्हर्जिन'मधलं 'क्लिअरब्लू'. दुसरं गाणं गर्भधारणेच्या चाचणीविषयी आहे, दोन मिनिटांच्या आसपास संपतं. दोन्हींत गळ्याशिवाय फारसं काही नाही. पण पहिल्यात तो गळा पियानो असलेल्या खोलीत आहे, शेजारी कुणीतरी बसलेलं आहे. दुसऱ्यात पियानोही नाही. तिचा आवाज यंत्रातून जाऊन तिच्याच आवाजाला साथ करतो, 'रॉयल्स'मध्ये करायचा तशी. फक्त आता त्या घोळक्यात 'आम्ही' म्हणणारं कुणी नाही.